शून्याच्या दिशेने तीन शतके

अग्नी पेटवायला माणूस शिकला त्याला लाखो वर्षे लोटली. थंडी निर्माण करायला तो शिकला त्याला जेमतेम काही शतके झाली. तोवर थंडी ही साठवायची, वाहून न्यायची आणि ऐपतदारांनी मिरवायची वस्तू होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करीत आणि पुढे पंजाबात मुक्काम हलल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवीत, हे अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त नोंदवून ठेवले आहे. १८३३ साली बॉस्टनहून निघालेल्या 'टस्कनी' जहाजावर १८० टन बर्फ चढवला होता. त्यापैकी सुमारे १०० टन कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला आणि तेवढ्यावरही व्यापाऱ्याला फायदा झाला. या दोन काळांच्या मधोमध, १७०२च्या सुमारास, पॅरिसमध्ये गिलोम आमोंताँ नावाच्या गृहस्थाने हवेच्या दाबावर चालणारा तापमापक करताना एक गोष्ट टिपली. तापमान उतरते तसा दाबही ठरावीक प्रमाणात उतरत जातो, आणि दाब शून्याखाली जाऊ शकत नाही. मग थंडीलाही कुठेतरी तळ असलाच पाहिजे. उष्णतेला वरची मर्यादा दिसत नव्हती, पण थंडीला तळ आहे हा विचार त्या दिवसापासून विज्ञानात आला, आणि पुढची तीन शतके त्या तळाकडे उतरण्यात गेली.

आज लेझरच्या प्रकाशाने अणू पकडून, त्यांची धावपळ थांबवून, त्या तळापासून एका अंशाच्या अब्जांश भागांइतक्या अंतरावर नेले जातात. तिथे हजारो अणू आपापले वेगळेपण सोडून एकाच क्वांटम अवस्थेत विलीन होतात. बोस आणि आइन्स्टाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कंडेन्सेट आता सरकारी योजनांच्या कागदपत्रांतही आला आहे. घड्याळे, संवेदक, संगणक अशा आश्वासनांच्या यादीत तो शोभतो. परंतु तो ज्या वाटेने आला ती वाट पाहिल्याखेरीज तो पुढे कोणाच्या हाती टिकेल हे सांगता येत नाही, आणि ती वाट योजनांच्या भाषेत बसणारी नाही.

एकोणिसाव्या शतकात थंडीच्या उतरणीवर पहिली पाटी लागली ती 'कायम वायूं'ची. मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूप केला, नंतर बहुतेक वायूंना वठणीवर आणले. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन आणि आणखी तीन वायू कशालाच दाद देईनात, तेव्हा ते स्वभावतःच वायू आहेत असे मानून विद्वानांनी त्यांचा नाद सोडला. १८७७च्या डिसेंबरात काय्येते आणि पिक्ते यांनी स्वतंत्रपणे ऑक्सिजनचे धुके पाडले, १८८३ मध्ये क्राकोत व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी तो द्रव म्हणून भांड्यात साठवून दाखवला, आणि १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजनही द्रवरूप केला. निसर्गाची मर्यादा म्हणून जी सांगितली गेली होती ती प्रयोगशाळेच्या साधनांची मर्यादा निघाली. हा गोंधळ पुढे पुन्हा पुन्हा झालेला दिसेल.

आता उरला होता हेलियम. त्याच्याशी आपल्या किनाऱ्याचा जो संबंध जोडला जातो तो इथे दुरुस्त करून घ्यायला हवा. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा १८६८ साली दिसली आणि विजयदुर्गच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून तो मान कोकणाला दिला जातो. पण नॉर्मन लॉकयर यांनी त्या वर्षी ती रेषा पाहिली ती इंग्लंडात, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे ड्यूअर हायड्रोजन द्रवरूप करीत होते त्याच वर्षी हेलियमचा शोधकर्ता आपल्या सिंधुदुर्गात दुर्बिणी रोवून बसला होता. योगायोगच म्हणायचा, परंतु लोककथेतल्या तारखेपेक्षा हा योगायोग अधिक बोलका आहे.

हेलियमच्या शर्यतीत ड्यूअर यांच्याकडे प्रतिभा होती, पैसा होता, कीर्ती होती. लंडनमध्ये हेलियमचा साठा ज्यांच्या हाती होता त्या विल्यम रॅम्से यांच्याशी मात्र त्यांचे हाडवैर होते, आणि आपले तंत्र कोणाला दिसू नये ही त्यांची वृत्ती. शर्यत जिंकली हॉलंडमधल्या लायडनच्या हाइके कामर्लिंग ओनेस यांनी, १० जुलै १९०८ रोजी. त्यांनी आपल्या व्यापारखात्यातल्या भावामार्फत अमेरिकेहून मोनाझाइटची वाळू मागवली, तीतून हेलियम वेगळा केला, आणि त्याआधी सात वर्षे म्हणजे १९०१ मध्येच, काच फुंकणाऱ्या आणि धातू कातणाऱ्या तरुणांना शिकवणारी उपकरणकारांची एक शाळा काढली होती. निळे अंगरखे घातलेली ही मुले लायडनच्या प्रयोगशाळेची खरी मालमत्ता होती. उणे २६९ अंशांवर साठ घन सेंटिमीटर हेलियम गोळा झाला तो एका बुद्धिमान माणसाच्या सुचण्यामुळे झाला असे इतिहासाची पाठ्यपुस्तके सांगतात. वस्तुतः तो वीस वर्षे जमवलेल्या हातांच्या कौशल्याचा ठेवा होता. ड्यूअर यांच्या मागे असा हातांचा ताफा उरला नाही. लायडन मात्र पुढची पंधरा वर्षे द्रवरूप हेलियमच्या बाबतीत जगात एकटेच राहिले.

थंडीचा हा एक प्रवाह; दुसरा प्रकाशाचा. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्यापासून दूर वळते हे पाहून १६१९ मध्ये केप्लरने प्रकाश वस्तूंना ढकलत असावा असा तर्क केला. मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये त्या ढकलण्याचे गणित मांडले, आणि १९०१ मध्ये मॉस्कोत पियोत्र लेबेदेव यांनी निर्वात काचगोळ्यात टांगलेल्या नाजूक पंखांवर प्रकाशाचा दाब मोजून दाखवला. तो दाब इतका क्षीण होता की काचेत उरलेल्या हवेची किंचित चुळबुळही त्याला झाकून टाकत असे. लेबेदेव यांचा शेवट ध्यानात ठेवण्यासारखा आहे: १९११ मध्ये झारच्या शिक्षणमंत्र्याने मॉस्को विद्यापीठाच्या कारभारात हात घातला तेव्हा शेकडो प्राध्यापक-शिक्षकांसह त्यांनी राजीनामा दिला, हाताने उभारलेली प्रयोगशाळा सोडली, आणि पुढच्याच वर्षी, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी, ज्या लेखात पुढच्या लेझरचे बीज आहे त्याच लेखात, प्रकाश शोषताना आणि सोडताना प्रत्येक अणूला धक्का बसतो हेही सिद्ध केले. हा धक्का पहिल्यांदा मोजला हॅम्बुर्गमध्ये ऑटो फ्रिश यांनी, १९३३ मध्ये. सोडियमच्या अणूंचा बारीक झोत आणि साधा सोडियमचा दिवा एवढ्यावर त्यांनी तो झोत केसभरही नव्हे इतका सरकवून दाखवला. ही ऑटो स्टर्न यांची प्रयोगशाळा. अणूंचे झोत हाताळण्यात तिची बरोबरी करणारे ठिकाण तेव्हा जगात नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नाझी सरकारचा, ज्यू अधिकाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला, फ्रिश लंडनला गेले, स्टर्न पिट्सबर्गला, आणि अणू प्रकाशाने हलवण्याचे काम चार दशके थांबल्यातच जमा झाले. लेबेदेव आणि फ्रिश यांच्या मधले अंतर बावीस वर्षांचे, राज्ये दोन, विचारसरण्या वेगळ्या. परंतु ज्ञान व्यक्तींच्या हातात असते आणि व्यक्ती हुसकावल्या की ते त्यांच्याबरोबर जाते, हे दोन्ही सत्तांना सारखेच कळले नाही.

या दोन प्रवाहांच्या मधे, हॅम्बुर्ग उजाड होण्याच्या नऊ वर्षे आधी, तिसरा प्रवाह ढाक्यात उगम पावला. ढाका विद्यापीठ अवघे तीन वर्षांचे होते आणि सत्येंद्रनाथ बोस तिथे रीडर होते. प्रकाशकण एकमेकांपासून ओळखता येत नाहीत असे धरून मोजदाद केली तर तप्त वस्तूच्या प्रकाशाचे प्लांकचे सूत्र आपोआप मिळते, हे दाखवणारा त्यांचा छोटा लेख लंडनच्या मासिकाने छापला नाही. तेव्हा ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध केला, तीच मोजदाद अणूंना लावली आणि एक विलक्षण निष्कर्ष काढला: पुरेशा थंडीत अणूंचा मोठा भाग सर्वांत खालच्या अवस्थेत जाऊन साचेल, आणि त्यासाठी अणूंमध्ये ओढाताणीचे बल असण्याचीही गरज नाही. हे भाकीत सुंदर असले तरी खरे असेल का, अशी शंका खुद्द आइन्स्टाइन यांच्या मनात होती. १९२७ मध्ये उलेनबेक यांनी आपल्या प्रबंधात त्यावर आक्षेप घेतला आणि तो बराच काळ मान्य झाला. कंडेन्सेट हा गणिताचा भास ठरला. पुन्हा एक पाटी लागली.

ती हलवली निर्वासिताने. १९३८च्या आरंभी मॉस्कोहून कपित्सा आणि केंब्रिजहून ॲलन व मायझनर यांनी, थंडीच्या तळापासून मोजलेल्या २.२ अंशांखाली हेलियम कसल्याही घर्षणाविना वाहतो हे एकाच वेळी जाहीर केले. आणि जर्मनीतून बाहेर पडावे लागलेल्या फ्रिट्झ लंडन यांनी पॅरिसमध्ये बसून त्याचा संबंध आइन्स्टाइनच्या टाकून दिलेल्या निष्कर्षाशी जोडला. कपित्सांना केंब्रिजला परतू न देता रशियाने १९३४ पासून आपल्याकडे अडकवून ठेवले होते; त्यांच्या केंब्रिजमधल्या कामाची साधने तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांनी पाठवली म्हणून हे काम होऊ शकले. यातली मनाला लागणारी गोष्ट अशी की २.२ अंशांखालचा हेलियम लायडनच्या काचपात्रांत ओनेस यांच्या हयातीतच, पंचवीसहून अधिक वर्षे आधी, तयार झाला होता. तो दिसत होता. पण त्यात काय पाहायचे हे सांगणारा विचार तेव्हा जन्मला नव्हता, आणि विचार जन्मला तेव्हा ज्याला तो सुचला त्याच्याजवळ हेलियम नव्हता.

बोस यांच्याजवळ काय होते? १९२४ ते १९२६ या काळात ते पॅरिस आणि बर्लिनला राहून आले, आणि परतल्यावर हा सिद्धांताचा माणूस ढाक्यात क्ष-किरणांची स्फटिकविज्ञान प्रयोगशाळा उभारू लागला, तिची उपकरणे स्वतः आखून. आपल्या प्रतिमेत बोस म्हणजे एका पत्रावर अमर झालेले गणिती; परंतु उणीव कुठे आहे हे त्यांना इतरांपेक्षा स्वच्छ दिसले होते. १९४५ मध्ये ते कलकत्त्याला परतले, दोन वर्षांत देशाची फाळणी झाली आणि ढाका परदेश झाले. स्वतंत्र भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत द्रवरूप हेलियम मिळू लागला तो १९५०च्या दशकात, म्हणजे लायडनच्या चार दशकांहून अधिक काळानंतर. बोस १९७४ मध्ये गेले. त्यांच्या नावाचा कंडेन्सेट वायूच्या रूपात त्यांनी पाहिला नाही. कोणीच पाहिला नव्हता.

मेमन यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेझर पेटवला आणि केप्लरच्या तर्कातले ढकलणे प्रथमच हाताळण्याजोगे झाले. लेझरने अणू थंड करण्याची कल्पना १९७५ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली, हेन्श आणि शॉलो यांच्याकडून व वाइनलँड आणि डेमेल्ट यांच्याकडून. लेझरची वारंवारता अणू ज्या वारंवारतेला शोषतो तिच्याहून किंचित खाली ठेवायची. मग स्थिर अणूला हा प्रकाश जाणवतच नाही. प्रकाशाच्या दिशेने धावणाऱ्या अणूला मात्र डॉप्लर परिणामामुळे तो वर चढलेला, म्हणजे नेमका आपल्या पट्टीतला भासतो, तो त्यातला एक कण गिळतो आणि समोरून बसलेल्या धक्क्याने थोडा मंदावतो. गिळलेला प्रकाश तो नंतर कुठल्याही दिशेला सोडून देतो, त्यामुळे ते धक्के एकमेकांना छेदून जातात आणि समोरचा तेवढा उरतो. सोडियमच्या अणूचा वेग एका धक्क्यात सेकंदाला तीन सेंटिमीटरने घटतो आणि भट्टीतून निघालेला अणू सेकंदाला हजारेक मीटरने धावत असतो; म्हणजे तीसेक हजार धक्के. लेझर हे हजारो धक्के सेकंदाच्या सहस्रांश भागांत देऊ शकतो. सहा दिशांनी असे किरण सोडले की अणू जिकडे वळेल तिकडे त्याला विरोध भेटतो.

बेल लॅबमध्ये आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्येच सूक्ष्म गोळ्या प्रकाशात धरून दाखवल्या होत्या आणि अणूही धरता येतील असे ते सांगत होते. पण व्यवस्थापनाने ते काम बंद करायला लावले. ते पुन्हा सुरू झाले ते स्टीव्हन चू तिथे आल्यावर, आणि १९८५ मध्ये चू, ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी सहा किरणांच्या छेदात सोडियमचे अणू अंशाच्या दशलक्षांश २४० भागांपर्यंत थंड केले. सिद्धांत सांगत होता की या पद्धतीने याहून खाली जाता येत नाही. १९८८ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या गेथर्सबर्गमध्ये विल्यम फिलिप्स यांनी तशाच अणूंचे तापमान काळजीपूर्वक मोजले तर ते ४० भागांवर उतरलेले. प्रयोग सहसा सिद्धांताहून वाईट निघतो. इथे तो सहा पटींनी चांगला निघाला होता, आणि फिलिप्स यांच्या गटाने ते आकडे जाहीर करण्याआधी वेगवेगळ्या रीतींनी पुन्हा पुन्हा तपासले. पॅरिसच्या कोहेन-तानुद्जी आणि दालिबार यांनी कारण उलगडले: अणूला दोनच पातळ्या आहेत असे सोपे धरून मर्यादा काढली होती, खरा अणू अधिक गुंतागुंतीचा असतो. कायम वायू, उलेनबेकचा आक्षेप आणि आता डॉप्लरची मर्यादा, तिन्ही पाट्या थोर माणसांनी लावलेल्या, तिन्ही आपल्या गृहीतकांच्या चौकटीत बिनचूक. ॲश्किन यांना नोबेल मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

तरीही लेझर एकट्याने बोस यांच्या अवस्थेपर्यंत पोचवू शकत नव्हता. शेवटची पायरी आपल्या माठात रोज घडते ती: अंगावरून सर्वांत ऊर्जावान रेणू उडून जातात आणि उरलेले पाणी थंड होते. ही रीत चुंबकीय सापळ्यातल्या अणूंना लावायची हे १९८६ मध्ये हॅरल्ड हेस यांनी सुचवले, एमआयटीत क्लेप्नर आणि ग्रेटक हायड्रोजनचा कंडेन्सेट करण्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते त्या गटात. त्यांना हायड्रोजनमध्ये यश मिळाले १९९८ साली, आणि तोवर त्यांचीच मुले पुढे निघून गेली होती. ५ जून १९९५ रोजी कोलोरॅडोच्या बोल्डर गावात एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी सुमारे दोन हजार रुबिडियम अणू एका अंशाच्या अब्जांश १७० भागांवर आणून कंडेन्सेट घडवला. वापरले होते कॉम्पॅक्ट डिस्क वाजवणाऱ्या यंत्रांत असतात त्या जातीचे स्वस्त डायोड लेझर. चार महिन्यांच्या आत एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या कितीतरी अधिक अणूंवर तेच केले. आइन्स्टाइनच्या भाकिताला सत्तर वर्षे झाली होती.

या नावांची वंशावळ मांडली की इतिहासाचा धागा हाती लागतो. कॉर्नेल हे एमआयटीतल्या प्रिचर्ड यांचे विद्यार्थी, केटर्ले हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढले, आणि प्रिचर्ड यांनी आपली चालू प्रयोगशाळा या तरुणाच्या हवाली करून स्वतः त्या शर्यतीतून बाजूला होण्याचे दुर्मीळ औदार्य दाखवले. प्रिचर्ड आणि फिलिप्स हे क्लेप्नर यांचे विद्यार्थी, वीमनही शिकत असताना त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले. क्लेप्नर हे नॉर्मन रॅम्झी यांचे, रॅम्झी हे इसिडोर राबी यांचे. आणि राबी अणूंच्या झोताची विद्या शिकले ती १९२०च्या दशकात, हॅम्बुर्गमध्ये, ऑटो स्टर्न यांच्याकडे. जर्मनीने १९३३ मध्ये जे घराणे मोडले त्याची गादी सहा दशकांनी बोल्डर आणि केंब्रिज-मॅसॅच्युसेट्समध्ये प्रकट झाली. त्या साठ वर्षांत पुष्कळ योजना आल्या आणि गेल्या असतील. टिकली ती हाताकडून हाताकडे गेलेली विद्या.

उपयोगाचा प्रश्न विचारणाऱ्यांसाठीही एक दाखला आहे. १९५०च्या दशकात एमआयटीत झकारियास यांनी सीझियमचे अणू उंच उडवून, ते खाली येईपर्यंत त्यांच्याकडून वेळ मोजण्याचा प्रयत्न केला. मंद अणूच मिळेनात म्हणून तो फसला. लेझरने मंद अणू मिळवून दिल्यावर तीच कल्पना कारंजी घड्याळ म्हणून उभी राहिली आणि १९९९ पासून अमेरिकेची प्रमाणवेळ तिच्यावर चालली.  फसलेला प्रयोग चार दशकांनी मूलभूत मापनाचा आधार होतो, हे कुठल्याही वार्षिक प्रगती अहवालात मावत नाही.

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले, मुदत २०३१ पर्यंत. संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले आहे. थंड अणूंचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये आधीपासून चालू आहे. म्हणजे महाराष्ट्राचा वाटा यात केवळ अभिमानाचा नाही, जबाबदारीचा आहे. पैसा आवश्यकच आहे आणि उशिरा का होईना तो आला याचे स्वागत केले पाहिजे. परंतु या प्रयोगांतले लेझर, निर्वात पंप आणि काचपात्रे बव्हंशी अजूनही बाहेरून येतात, ती बिघडली की दुरुस्तीला समुद्रापार जातात, आणि जो तंत्रज्ञ ती इथेच उघडून जोडू शकेल त्याची नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपते. आठ वर्षांत अणुघड्याळ मागणारी योजना त्या घड्याळाच्या कारागिराला आठ वर्षांपलीकडची नोकरी देऊ शकत नसेल, तर शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात जे घडले तेच पुन्हा घडेल: विचार आपला राहील आणि तो साकार होताना आपण दुसऱ्याच्या नियतकालिकात वाचू.

म्हणून अभियान चालवणाऱ्यांकडे मागणी एकच आणि साधी आहे. या रकमेतला ठरावीक हिस्सा कर्मशाळांसाठी राखून ठेवावा. काच, निर्वात, प्रकाशयोजना आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताने शिकवणारी एक उपकरणकार शाळा मुंबईत किंवा पुण्यात काढावी. तिथल्या शिक्षकाचे पद कायम असावे आणि वेतन प्राध्यापकाच्या खालोखाल असावे. ओनेस यांनी हे हेलियम मिळण्याच्या सात वर्षे आधी केले होते, आणि लायडनची ती शाळा आजही चालू आहे.